डब्यातली ती एक पोळी

आत्या,

तुझ्याशी शेवटचं बोलले ते मी खोटं बोलले.

तू खाटेवर डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोप लागली असेल, म्हणून आवाज न करता पायाशी बसले. तर डोळे न उघडताच विचारलंस, “आली व्हय? गाडीवर कोण व्हता? त्योच का?”

मी म्हणाले, “न्हाई गं. दुसरंच व्हतं कुणी तरी.”

“मंग विचारलं न्हाईस.”

“कुणाला विचारू? नव्हतंच ते.”

तू एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलंस. “बरं,” म्हणालीस, “म्हंजे मी तीन पोळ्या खाल्ल्याचं पाप घिऊनच वर जायाचं म्हणायचं.”

आणि हसलीस. पाचव्या दिवशी गेलीस.

आत्या, कंडक्टरभाऊ गाडीवर होते. जुन्नर–मंचर गाडीला हल्ली तेच असतात, तुला माहीत होतं. त्या दिवशीही होते. तिकीट ह्यांनी काढलं आणि मी पदर कपाळापर्यंत ओढून खिडकीबाहेर बघत बसले. कळंब गेलं, नारायणगाव आलं, मी उतरले. सोळा वर्षं तू म्हणत होतीस, एकदा त्याला विचार. मरायला टेकलीस तरी मला तोंड उघडता आलं नाही. वर तुझ्यापाशी येऊन खोटं बोलले.

परवा तुझा तेरावा झाला. काल मी घरी आले. आज पोरं शाळेत गेली, हे मळ्यात गेले, तेव्हा थोरल्याची जुनी वही काढून मागच्या पानांवर लिहायला बसले आहे. सांगायचं ते शेवटी सांगते. आधी मागचं आठवू दे, म्हणजे धीर येतो. आणि तुला तरी कुठं जायची घाई आहे आता.

माझी चौथी झाली आणि वस्तीवरची शाळा संपली. पाचवी होती ती लांब, आणि आण्णा म्हणाले, पोरीची जात आहे, वाटेत ओढा आहे. त्या ओढ्याला सहा महिने पाणी नसायचं, पण कारण म्हणून तो बारमाही होता. तू आण्णांची थोरली बहीण, नवऱ्याच्या मागं माहेरी येऊन राहिलेली. तरी त्या वेळी तुझं काही चाललं नाही. तू दोन दिवस आण्णांशी बोलली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणालीस, “गप ऱ्हा. मी बगते काय ते.”

मी गप्पच होते. माझ्याइतकं गप्प त्या वस्तीवर शेळीसुद्धा नव्हती. पावणं आलं की मी कणगीमागं जायची. पावणं चहा पिऊन गेलं की तू कणगीवर थाप मारायचीस, “निघ बाहेर, गेलं बगायला आलेलं.” ते काही मला बघायला आलेले नसायचे, पण मला तसंच वाटायचं.

त्याच वर्षी विलासदादा अकरावीला जुन्नरला गेला. चार पोरांत खोली घेतली. त्याचा डबा रोज सकाळच्या येडगाव–जुन्नर गाडीनं जायचा. तेव्हा सगळ्यांचेच जायचे. फाट्यावर गाडी थांबली की कंडक्टरच्या हातात पिशवी द्यायची, तो ती दाराशी खाली ठेवायचा, जुन्नरच्या स्टँडवर पोरं उभीच असायची. कधी चुकलं नाही की कुणाचा डबा कुणाला गेला नाही. डबा फाट्यावर न्यायचं काम माझं. तू सोबत यायचीस. गाडी सुटून वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभी राहायची, आणि तू म्हणायचीस, “चल, डबा पोचंल आता. तुजं ध्यान हिकडं आण.”

एक दिवस तू म्हणालीस, “डब्यानं पन जुन्नर बगितलं. आपुन कवा बगायचं?”

मला वाटलं, गंमत करतेस. पण दुसऱ्या दिवशी फाट्याअलीकडच्या बोरीखाली तू थांबलीस, पिशवीची गाठ सोडलीस आणि डबा उघडलास. पिठलं-भाकरी होती. “खा,” म्हणालीस.

“दादाची हाये.”

“दादा खातोय रोज. त्यो कंडक्टर खातो आसं आण्णाला वाटाया पायजे. म्हंजे डब्यासंगं माणूस धाडावं लागंल. आन् घरात रिकामं माणूस कोण हाये?”

मी इकडं तिकडं बघितलं.

“तूच की गं, येडे!”

मी सगळं संपवायला निघाले तर तू हात धरलास. तुझं शहाणपण मला आजही पाठ आहे. “समदं खाल्लं तर चोर वाटतो. थोडं ठिवलं तर कंडक्टर वाटतो.”

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. शनिवारी दादा घरी आला आणि म्हणाला, परवा डबा कमी होता. आण्णा म्हणाले, “पिठलं हिंदकाळलं आसंल.” भाकरी कशी हिंदकळते हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला आपण उकडलेली अंडी खाल्ली, तर दादानं ते सांगितलंच नाही, कारण अंडी त्याच्या खोलीतली पोरंच पळवायची आणि त्याला वाटलं त्यांनीच खाल्ली. मी तर सुटले म्हणाले. पण तू म्हणालीस, “पोळा येऊ दे.”

बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं डब्यात पाच पुरणपोळ्या घातल्या. दादाच्या जिवाचं खाणं. बोरीखाली बसून तू दोन खाल्ल्यास, मी एक. दोन ठेवल्या. निदान तू म्हणतेस दोन ठेवल्या. मी वळणाकडं तोंड करून गाडी बघत होते, तेवढ्यात तू डबा बंद केलास. आईसारखी गाठ काही तुला बसेना. तिची गाठ म्हणजे दाताशिवाय सुटायची नाही. तू नुसता फास मारलास आणि म्हणालीस, “चालतंय.” गाडी आली. पिशवी मी वर दिली.

शनिवारी दादा घरी आला तो आरडतच. “पोळ्याचा डबा आन् आत एक पोळी! माझ्याच घरची, आन् एकच!”

एकच. तिथून सुरू झालं आपलं भांडण.

दुसऱ्या दिवशी आण्णा फाट्यावर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. गाडी थांबली. मी तुझ्यामागं, तुझ्या लुगड्याचा पदर हातात घट्ट धरून. आण्णा तसे गरीब माणूस, पण आदल्या रात्री चुलीपुढं बसून त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, मी ऐकलं होतं.

“काय वो कंडक्टरभाऊ,” आण्णा ओरडले, “पोरानं तिकडं उपाशी शिकायचं, आन् तुमी हितं पोळ्या हाणायच्या व्हय?”

गाडीतली सगळी डोकी खिडक्यांबाहेर आली. कंडक्टरभाऊ दारात उभे. त्यांनी आण्णांकडं बघितलं, मग तुझ्याकडं, मग तुझ्या काखेतून दिसत होते तेवढ्या माझ्याकडं. आणि म्हणाले, “खाल्ली. चुकलं, पाटील. वास लई भारी येत व्हता.”

गाडीतून एक म्हातारबाबा म्हणाले, “मंग आमाला वो? आमी काय नाकं घरी ठिवून आलोय?”

सगळी गाडी हसली. आण्णांची फार पंचाईत झाली. आदल्या रात्री ठरवलेलं सगळं, तो ‘नाही’ म्हणेल असं धरून ठरवलं होतं. तो ‘हो’ म्हणाल्यावर काय बोलायचं, हे त्यांच्याकडं नव्हतंच. “बरं,” म्हणाले, “मंग... आता काय?”

“आता काय म्हंजे?” तू पुढं झालीस. “पोरगी जाईल की डबा घिऊन रोज.”

“पोरगी? एकली?”

“एकली कशी? कंडक्टर हाये की गाडीत.”

“आगं आक्का, त्योच तर चोर!”

“पोळीचा चोर हाये. पोरीचा न्हाई.”

कंडक्टरभाऊंनी मान हलवली, जसं काही त्यांना चांगलं वागल्याचं सर्टिफिकेट मिळालं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. आण्णा रस्त्यातून बाजूला झाले. आणि सोमवारपासून मी जुन्नरला जायला लागले. तुझ्या कोंबड्यांच्या अंड्यांवर माझं तिकीट निघायचं, म्हणून आण्णांना त्यावरही बोलता आलं नाही.

पहिल्या दिवशी कंडक्टरभाऊंनी विचारलं, “कुठं जायाचं?” मी डबा वर करून दाखवला. ते म्हणाले, “डब्याचं मला ठाव हाये. त्याला तिकीट लागत न्हाई. तुजं बोल.” मी रडायच्या बेताला आले. त्यांनी पेटीतलं अर्धं तिकीट काढलं, पंच केलं आणि म्हणाले, “उद्या बोलायचं बरं का. न्हाई तर डबा जुन्नरला आन् तू हितंच.”

दुसऱ्या दिवशी मी बोलले. “जुन्नर. अर्धं.” फाट्यापासून मनात घोकत बसले होते. त्या दिवशी घरी येऊन मी ते तुला सांगितलं, तर तू हातातलं सूप खाली ठेवून म्हणालीस, “परत म्हन.” मी परत म्हणाले. तू आईला हाक मारलीस, “ऐक गं, ही काय म्हंती!” आणि तिच्यापुढं तिसऱ्यांदा म्हणायला लावलंस.

ते अर्धं तिकीट काही संपेना. दोन वर्षं मी अकरा वर्षांचीच होते. शेवटी शेवटी माझा गुडघा पुढच्या बाकाला लागायचा. कंडक्टरभाऊ एकदा फाट्यावर तुला म्हणाले, “आत्या, ही पोरगी अकरातच आडकलीय का काय?” तू म्हणालीस, “आमच्या घराण्यात समदं उशिरानं हुतं, भाऊ. माजा दात बाविसाव्या वर्षी पडला.” त्यांनी विचार केला आणि पुढच्या महिन्यापासून पूर्ण तिकीट फाडायला लागले. तू म्हणालीस, दात नको होता सांगायला.

आत्या, जुन्नरला डबा दिल्यावर परतीची गाडी दुपारी असायची. मधले दोन-अडीच तास माझे. घरात कुणाला माहीत नव्हतं की एवढा वेळ असतो. तुला सांगितलं होतं, आणि तू ते कुणाला सांगितलं नाहीस. मी पेठेतून हिंडायची. दुकानांच्या पाट्या वाचायची, कापडाचं, भांड्यांचं, सोन्याचं. भेळेचा कागद पुसून वाचायची. त्यात अर्धी बातमी असायची आणि पुढची कुणाच्या तरी भेळेखाली गेलेली. अर्ध्या बातम्या घरी येऊन तुला सांगायची, पुढचं तू घालायचीस. तुझ्या पुढच्यात नेहमी कुणी तरी पळून जायचं. चौथीला जेवढं वाचता येत होतं त्यापेक्षा जास्त मला आज येतं, ते ह्या पाट्या-कागदांमुळं. नाही तर ही वही मी कशी लिहिली असती?

आणि मंचर आठवतं? परतीला नारायणगावला गाडी बदलताना मला खिडकीची जागा दिसली, मी चढून बसले, पाटी वाचलीच नाही. जगातल्या सगळ्या पाट्या वाचणारी मी! गाडी भलत्याच रस्त्याला लागली. कुणाला विचारायचं म्हणजे जीव जाणार, म्हणून गप्प बसून राहिले ते थेट मंचरला उतरले. परत यायला संध्याकाळ झाली. तू फाट्यावर दुपारपासून उभी होतीस. मला वाटलं आता पाठीत धपाटा. धपाटा बसलाच. मग वाटेनं चालता चालता म्हणालीस, “कसं हाये गं मंचर?”

मी सांगितलं. बाजार मोठा आहे, बटाट्याच्या गोण्यांची एवढी थप्पी असते.

घरी तू आण्णांना सांगितलंस, गाडी पंक्चर झाली. आणि झोपायच्या आधी माझ्या कानाशी आलीस. “पुढच्या टायमाला चुकायचं आसंल तर मला घिऊन चुक.”

मग आपण दोघी दोन-तीनदा चुकलो. तू खिडकीशी, मी तुझ्या शेजारी, आणि तिकीट मीच मागायची. पुढं माझं लग्न मंचरच्या बाजूला ठरलं, तेव्हा आण्णा काळजीनं म्हणाले, पोरीला तो मुलूख नवा पडेल. तू आणि मी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर हसलो असतो.

दादाची बारावी झाली, डबा बंद झाला. मला वाटलं माझंही संपलं. पण तोवर घरात काही निघालं की सगळे म्हणायला लागले होते, तिला पाठवा, तिला गाड्या कळतात. खताची चौकशी, आईचं औषध, तुझ्या डोळ्याचा चष्मा. आत्या, आण्णा स्वतःसुद्धा तसंच म्हणायचे. ओढ्याचं नाव काढणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. हे सगळं तू त्या बोरीखाली बसून केलंस, आणि मी तुला कधी तसं म्हणाले नाही. म्हणाले काय, तर “तूच तिसरी पोळी खाल्लीस.”

किती भांडलो त्यावरून आपण! मी म्हणायची, कंडक्टरभाऊंनी काही खाल्लेलं नाही, बिचाऱ्यांनी उगाच आळ घेतला, आपल्याला त्याचं पाप लागणार. तू म्हणायचीस, “न खाता कोन कबूल करतं गं? मी दोन खाल्ल्या. देवाशपत दोन. एक त्यानं खाल्ली.” मी म्हणायची, “माझी पाठ व्हती, तवा तू तिसरी घातली तोंडात.” माझ्या लग्नात हळद लावतानासुद्धा तू माझा गाल दाबून म्हणालीस, “आता तरी म्हन, दोनच.” मी म्हणाले नाही.

तुझ्या दहाव्यालाही दादा म्हणाला, “आत्याला पोळी लई आवडायची. मला बी आवडायची, पन माजी त्या कंडक्टरनं खाल्ली.” सगळे रडता रडता हसले. मी उठून पाणी आणायला गेले.

आता कालचं ऐक.

तेराव्याच्या जेवणाला बुंदी होती, पण आईनं तुझ्या नावानं थोड्या पुरणपोळ्या वेगळ्या केल्या. त्यातल्या पाच माझ्या पोरांसाठी बांधून दिल्या. डबा तोच, आत्या. दादाचा. कडी तेवढी नवी आहे. हे आणि पोरं आदल्याच दिवशी परत गेले होते, म्हणून मी एकटीच होते. नारायणगावला मंचरची गाडी लागली, मी चढले, आणि तिकिटाची पेटी काखेत मारून ते समोरून आले. मिशा पांढऱ्या झाल्यात.

“कुठं?”

“मंचर. पूर्ण.” कसं कोण जाणे, पूर्ण म्हणाले. बाईमाणसाला कोण अर्धं देतंय!

ते थांबले. मी पदर ओढला नाही. कळंबच्या अलीकडं गाडी जरा रिकामी झाली, ते माझ्या पुढच्या बाकाला टेकून उभे राहिले, तेव्हा मी बोलले. सोळा वर्षांचं एका दमात बोलले. “कंडक्टरभाऊ, येडगावच्या फाट्यावरच्या त्या पोळ्या आमी खाल्ल्या व्हत्या. मी आन् आत्यानं. तुमच्यावर आळ आला. आमचं चुकलं.”

ते म्हणाले, “ठाव हाये की.”

“ठाव हाये?”

“पिशवी वर दिलीस तवा गालाला पुरन व्हतं तुज्या. आन् गाठ सैल. पुढं खड्ड्यात पिशवी आडवी झाली, म्हनून उगडून बगितलं. डबा निम्मा रिकामा. म्हनलं, आता आळ काय चुकत न्हाई. मंग फुकटचा कशाला घ्या? एक खाल्ली.”

“किती व्हत्या आत?”

“दोन.”

दोन, आत्या! दोन होत्या! तू दोनच खाल्ल्या होत्यास. मी चालत्या गाडीत एवढ्या मोठ्यानं “दोन!” म्हणाले की ड्रायव्हरनं मागं बघितलं.

मग मी विचारलं, आण्णांना का नाही सांगितलं. ते म्हणाले, “सांगून काय झालं आसतं? तू रोज डबा द्यायचीस आन् गाडी वळंस्तवर बगत ऱ्हायचीस. मला मागच्या काचेतून दिसायचीस.” आणि लगेच म्हणाले, “आत्या कशा हायेत? फाट्यावर उबं राहून शिव्या घालत्यात का आजून कुणाला?”

मी सांगितलं. काल तेरावा झाला, मी म्हणाले. त्यांनी हातातला पंच नुसताच दोन-तीनदा वाजवला, तिकीट नसताना. मग मी मांडीवरच्या डब्याचं झाकण काढून पुढं धरलं. त्यांनी आत बघितलं.

“ह्या टायमाला समद्या हायेत ना?”

“पाच हायेत.”

त्यांनी एक उचलली आणि बाकाला टेकून उभ्या उभ्याच खाल्ली. हात पुसून म्हणाले, “त्याच चवीची हाये.” मंचरला मी उतरले तेव्हा त्यांनी आपणहून माझी पिशवी खाली दिली. मला रडायला यायचं होतं, पण मी स्टँडवर उभी राहून हसतच होते. सांगायला फाट्यावर आता तू नाहीस, हे मग घराच्या वाटेवर आठवलं.

घरी आले तर आईनं ह्यांना फोन करून सांगून ठेवलेलं, पाच पोळ्या दिल्यात. थोरल्यानं डबा उघडला. चारच.

“आई, पाचवी कुठाय?”

मी म्हणाले, “कंडक्टरनं खाल्ली.”

पोरांनी बापाकडं बघितलं. बापानं माझ्याकडं बघितलं. धाकटी म्हणाली, “तूच खाल्लीस.” मी म्हणाले, देवाशपथ नाही. हे हसून म्हणाले, “आगं, खाल्ली तर खाल्ली, सांगायचं की तसं. त्या कंडक्टरचं नाव कशाला?”

कुणाला पटलं नाही, आत्या. एकालाही नाही. काल रात्री जेवताना परत तेच, आज सकाळी डबा भरताना परत तेच. एका दिवसात मी रडकुंडीला आले. तू सोळा वर्षं काढलीस.